एनोसामामाचा दगड उघडला तो दिवस

माझी सासू आणि मी एकाच छपराखाली वीसेक वर्षं राहिलो, पण समोरासमोर एक शब्द बोललो नाही. भांडण म्हणाल तर मुळीच नव्हतं. आमच्या बेटावर जावयानं सासूशी बोलायचं नसतं, तिचं नाव तोंडातून काढायचं नसतं, वाटेत गाठ पडलीच तर नारळाच्या शेंड्याकडं बघत बाजूला व्हायचं असतं. नव्या पोरांनी हे सगळं सोडून दिलंय. आम्ही दोघं जुन्या वळणाचे, आम्हाला त्यातच बरं वाटायचं.

बोलणं चालायचं ते अलिमाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मार्फत. तिघंही एकाच चटईवर जेवायला बसलेलो असू आणि सासू म्हणे,

"अलिमा, त्याला विचार, कासवाच्या रश्शात मीठ पडलंय ना?"

"तिला सांग, मीठ आहे. मिरची कुणी चोरली?"

"त्याला सांग, मिरची हवी असेल त्यानं आपल्या आईकडं जाऊन जेवावं."

"तिला सांग, माझी आई देवाघरी आहे."

"मग त्याला सांग, घाई नाही. सावकाश जा म्हणावं."

अलिमा मधे बसून निवांत उकडलेला तारोचा कंद चावत असायची. तिला तोंडसुद्धा उघडावं लागत नसे.

रोज दिवेलागणीला सासू दारातल्या पायरीवर चहा घेऊन बसायची. दोन कप. एक तिच्या हातात, दुसरा पायरीच्या कडेला, डब्यातलं घट्ट दूध घालून गोडमिट्ट केलेला. दारामागच्या खुंटीवर एक खाकी शर्ट असायचा, तो त्या वेळी उतरवून ती मांडीवर घ्यायची. मग वारा पडायचा, ओहोटीचं पाणी खडकांतून मागं सरकायला लागायचं, आणि सासू मान किंचित कलती करून म्हणायची, "आला."

अंधारून आलं की आमच्याकडं कुणी शीळ घालत नाही. शिळेला ओ देऊन जे येतं ते माणूसच असेल असं नाही. पण सासूला रोज त्याच वेळी रस्त्यानं शीळ येताना ऐकू यायची. तिच्या थोरल्या भावाची, एनोसाची. पन्नास वर्षांपूर्वी लढाईत गेलेल्या भावाची.

मला ती कधी ऐकू आली नाही. आणि माझा कान काही वाईट नाही. आमचे फादर सालमॉन प्रवचन बोलत नाहीत, गातात; एक ओळ ते टाकतात, दुसरी सगळा गाव उचलतो, आणि दोहोंच्या मधे माझा ढोल. फादरचा श्वास कुठं संपणार ते मला त्यांच्याआधी कळतं. देवानं मला दुसरं फारसं काही दिलं नाही, पण कान दिला. तरीही पायरीजवळ मला ऐकू यायचा तो समुद्र, फार तर शाळेमागचं जनरेटर. सासूचं डोकं थोडं हललंय असं गाव म्हणायचं. मीही मनात तेच म्हणायचो.

एनोसामामा गेला तेव्हा विशीतला होता. बेटावरचे सगळे धडधाकट पुरुष तेव्हा सैन्यात भरती झाले होते, घरांत उरल्या बायका, म्हातारे आणि पोरं. तळ आमच्याच बेटावर होता. एका दुपारी धक्क्याला लागलेल्या होडीवर इंधनाच्या पिंपांनी पेट घेतला. एनोसामामानं दोघांना पाण्यात ढकललं आणि तिसऱ्यासाठी परत आत गेला. सैन्यानं त्याला चर्चमागच्या रानबदामाखाली पुरलं. बंदुका झाडल्या, बिगूल वाजवला, काही कमी केलं नाही. फक्त खड्डा खणायचा हुकूम दिला तो त्याच्या दोन चुलतभावांना.

आमच्यात मेलेल्याला रक्ताच्या माणसानं हात लावायचा नसतो. रक्ताच्यांनी बसून रडायचं. खणायचं, उचलायचं, मातीला द्यायचं, आणि पुढं कधीतरी दगड उभा करून त्यावरची कापडं उतरवायची, हे सगळं सोयऱ्यांचं काम. या सोयऱ्यांना मारीगेत म्हणतात. मारी म्हणजे मागं राहिलेला जीव, गेत म्हणजे हात. भुताचा हात. रक्ताच्या माणसानं हे काम केलं तर मेलेला त्याचाच हात धरून बसतो, असं म्हातारे सांगत आले. आणि दगड उघडल्याशिवाय कुणीच जात नाही. कापड उतरलं की मोकळा. तोवर आपल्याच अंगणात.

एनोसामामाचा तर दगडच बसला नव्हता. माझा सासरा, म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा, त्याचा पहिला मारीगेत. तो दोनदा सिमेंट आणून बसला. सासूनं दोन्ही वेळा एकच सांगितलं, "सैन्यानं नेला, सैन्यानंच दगड आणावा. दुसरा मी बसू देणार नाही." सगळे म्हणाले, बाई करारी आहे, भावाचा मान राखते. सिमेंटची पोती पावसानं दगड झाली. सासरा वाट बघत बघत गेला, आणि मुलीचा नवरा म्हणून ते काम माझ्याकडं आलं.

लढाई संपून पन्नास वर्षं झाली त्या साली सैन्याला आठवण झाली.

निरोप घेऊन आला सार्जंट गिड्यन. शेजारच्या बेटाचा, माझ्या लहानपणचा सोबती. आधी त्याचं पोट दारात आलं आणि मागून तो.

"झिमरान, खाली बस," तो म्हणाला. "तुझ्या मामेसासऱ्याचा दगड येतोय. पांढराशुभ्र. मेजर येणार, बिगूलवाला येणार, बंदुका येणार. मेजर झेंडा ओढणार आणि खाली दगड दिसणार."

"मेजर ओढणार?"

"मग काय तू? तुझ्याकडं बूट तरी आहेत का?"

"मेजरनं आमच्या घरातली कुठली पोरगी केलीय? कोण लागतो तो मामाचा?"

"अरे, माहीत आहे रे मला! मीही आमच्या चुलत्याचा दगड उघडताना लांब बसून रडलोच ना? म्हणून तर आधी आलो." त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ. झेंडा सैन्याचा. तो मेजरनं काढावा. झेंड्याखाली काय आहे ते सैन्यानं आधी कशाला बघावं?"

"म्हणजे कापडं आतून?"

"मी मेजरला एवढंच सांगणार: साहेब, झेंडा काढा, दोन पावलं मागं सरा, आणि पुढं जे दिसेल त्याला सलाम ठोका."

सासू कोपऱ्यात चटई विणत होती. तिचे हात थांबले होते.

"अलिमा, त्याला विचार, दगड खरंच येतोय?"

"तिला सांग, बोटीवर चढलासुद्धा."

तिनं विणायची पात बाजूला सारली. मग म्हणाली, "त्याला विचार, या महिन्यात समुद्र खवळलेला असतो ना?"

"तिला सांग, काळजी नको. दगड बुडणार नाही, सैन्याची बोट मोठी आहे."

मला वाटलं, एवढ्या वर्षांनी हाताशी आलेला दगड वाटेत जाऊ नये म्हणून विचारतेय.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या सकाळी मासे साफ करताना अलिमा मला म्हणाली, "झिमरान, नीट कर हं हे. आईचं वय झालं. तिच्यामागं तो कुणाच्या पायरीवर येणार? आपल्या पोरांच्याच ना? त्यांना त्याचा चहासुद्धा करता येत नाही."

"तू ऐकलीस कधी शीळ?"

"नाही." तिनं खवल्यांचा हात पाण्यात बुडवला. "पण लहानपणी एकदा मी त्याचा कप प्यायले होते. आईनं मारलं नाही. नुसती रडली."

रविवारी फादर सालमॉननी प्रवचन त्याच दगडासाठी लावलं. काय गायले म्हणून सांगू! पांढरी दाढी छातीवर, डोळे मिटलेले, आवाज तळ्यातून वर येणाऱ्या बुडबुड्यासारखा आधी बारीक, मग मोठा. एका बाईची होडी किनाऱ्याला बांधलेली आहे आणि भरती लागली आहे, एवढीच कथा.

"खुंट तुझा, दोर तुझा, भरतीचं पाणी कुणाचं?"

"त्याचं गं, त्याचं," सगळा गाव.

"हात तुझे, गाठ तुझी, होडीला बोलावणं कुणाचं?"

"त्याचं गं, त्याचं."

"मग भिजून भिजून गाठ आवळली, तर बाई, सोडवायची कुणी?"

या ओळीला त्यांनी उत्तर ठेवलं नव्हतं. नुसता ढोल होता. मी वाजवत राहिलो, आणि माझी नजर बायकांच्या बाकांकडं गेली. सासू आतापर्यंत सगळ्यांत वरच्या पट्टीत म्हणत होती. आता तिनं मान खाली घातली होती आणि झग्याचं टोक बोटाला घट्ट, घट्ट गुंडाळत होती.

सोहळ्याच्या आदल्या दुपारी मी आणि माझे दोन साडू दगड सजवायला गेलो. सैन्यानं तो रानबदामाखाली पक्का बसवून ठेवला होता. रक्ताच्या माणसांनी त्या दिवशी दफनभूमीच्या कुंपणाच्या आत पाऊल ठेवायचं नाही, म्हणून बायका बाहेर बसून गात होत्या. आम्ही आधी चर्चचं पांढरं कापड गुंडाळलं, त्यावर पोरांनी दिलेलं फुलाफुलांचं, त्यावर आईकडच्यांचं निळं, त्यावर बापाकडच्यांचं लाल. काम चालू असताना धाकट्या साडूनं मान वर केली.

"कोण ओढतंय रे तंबाखू?"

आमच्यात कुणी ओढत नाही. तिघांनी वास घेतला. ओल्या पानात गुंडाळून ओढलेल्या काळ्या तंबाखूचा, पूर्वी म्हातारे ओढायचे त्याचा. मग वाऱ्यानं तो नेला.  गाठी जरा भरभर मारल्या एवढंच. शेवटी गिड्यननं वरून झेंडा घातला, कडा सारख्या केल्या, आणि पोट आत ओढून सलाम ठोकला.

दिवेलागणीला घरी आलो तर पायरी रिकामी होती. कप नव्हते. खुंटीवर शर्टही नव्हता.

"आई कुठं आहे?"

"चर्चमध्ये. उद्याची गाणी बसवतायत," अलिमा म्हणाली. "शर्ट घेऊन गेली. उद्या मांडीवर घेऊन बसणार म्हणाली."

सकाळी आग्नेयेचा वारा सुटला होता, गार, खारट. सगळं बेट चर्चमागं जमलं. एका बाजूला सैन्याची रांग, इस्त्रीचे कपडे, आमच्याच पोरांचे काळे चेहरे त्या टोप्यांखाली अनोळखी वाटत होते. दुसऱ्या बाजूला चटयांवर रक्ताची माणसं. सगळ्यांत पुढं सासू, काळ्या झग्यात, शेजारी अलिमा. सासूच्या मांडीवर काही नव्हतं. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मेजर हॅलरन उंच, लालबुंद, भला माणूस होता. त्यानं होडीची आग सांगितली, पाण्यात ढकललेले दोघे सांगितले, तिसऱ्यासाठी आत जाणं सांगितलं. त्याचा आवाज तिथं दाटला, आणि बायकांनी त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मग तो दगडापाशी गेला आणि झेंडा उचलला. खाली लालभडक कापड. मेजर क्षणभर थबकला. गिड्यन खोकला. मेजर दोन पावलं मागं सरला आणि लाल कापडाला त्यानं असा सलाम ठोकला की आमचे म्हातारे खूश झाले.

मग मी पुढं झालो. बायकांनी गाणं धरलं. लाल काढलं, बापाकडचे रडले. निळं काढलं, आईकडचे. फुलाफुलांचं काढताना पोरं रडावं की नाही म्हणून एकमेकांकडं बघत होती. मग मी चर्चचं पांढरं कापड सोडवलं, आणि माझे हात थांबले.

खाली दगड नव्हता. शर्ट होता. खाकी, धुवून धुवून पिवळट पडलेला, दगडाच्या खांद्यांवर चढवलेला. गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बाह्या मागं नेऊन एकमेकींत गाठ मारलेली, शिपाई पाठीशी हात बांधून उभा राहतो तशी. आणि मान नव्हती.

मी त्याच्यावर हात ठेवला. रानबदामाची गर्द सावली, वर रात्रभर चार कापडं आणि एक झेंडा, आणि हा गार वारा. शर्ट गरम होता. नुकताच कुणीतरी अंगातून काढावा तसा.

गाणं आपोआप बारीक होत थांबलं. मेजरनं पुन्हा सलाम केला. त्याला वाटलं, ही आमची रीत. आमच्या लोकांनी माना डोलावल्या. त्यांना वाटलं, ही सैन्याची रीत. पांढऱ्या कापडाखाली नुसता दगड होता हे आम्हा साडूंना ठाऊक होतं, आणि धाकटा साडू माझ्याकडं पांढराफटक होऊन बघत होता. शर्ट कुणी चढवला हे मात्र घरातल्यांनाच कळलं. मला, अलिमाला, सासूला, आणि ज्याचा तो होता त्याला.

रक्ताच्या हातानं सासूनं रात्री कापडं उकलली होती, दगडाला हात लावला होता, आणि सगळं होतं तसं पुन्हा बांधून ठेवलं होतं. मग मला सासऱ्याची ती पावसात दगड झालेली पोती आठवली. समुद्र खवळलेला असतो ना, हा तिचा प्रश्न आठवला. सैन्यानंच दगड आणावा ही अट भावाच्या मानासाठी नव्हतीच. सैन्य कधी येणार नाही याची तिला खात्री होती, म्हणून ती अट होती. सगळं गाव म्हणायचं, भाऊ बहिणीला सोडत नाही. सोडत नव्हती ती.

शेवटचं कापड उतरवण्याआधी रक्ताच्या माणसानं "उघड" म्हणायचं असतं. त्याशिवाय मारीगेताचा हात चालत नाही. पांढऱ्याआधी अलिमानं ते म्हटलं होतं, पण आता शेवटचं कापड हा शर्ट होता. मी अलिमाकडं बघितलं. अलिमानं तोंड उघडलं, तशी सासूनं तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की अलिमाच्या बांगड्या वाजल्या. आमच्या घरातला निरोप्याच बांधला गेला.

बिगूलवाल्यानं बिगूल ओठाला लावला, गिड्यनच्या नजरेकडं बघून खाली घेतला. सैन्य गप्प, गाव गप्प. सैन्य अशा वेळी मिनिटभर गप्प उभं राहतं. ते मिनिट कधीच उलटून गेलं होतं आणि कुणी हलत नव्हतं. वाऱ्यानं शर्टाची कॉलर उचलली, खाली ठेवली. उचलली, खाली ठेवली. माझ्या तळव्याखाली ऊब तशीच होती. ओढून काढणं सोपं होतं. पण मग ती घरी जाऊन रिकाम्या खुंटीसमोर बसली असती, आणि तो बिनबोलावता, बिनशर्टाचा, तसाच येत राहिला असता, माझ्या नातवंडांच्या पायरीपर्यंत.

मी दगडासमोर उकिडवा बसलो. तिच्याशी बोलायची मला बंदी होती. त्याच्याशी बोलायची नव्हती.

"एनोसामामा," मी मोठ्यानं म्हणालो, "तिला सांगा, मी तुमचा हात आहे. तिचा शब्द आल्याशिवाय एका बटणाला हात लावणार नाही."

मी आणखी थोडा पुढं सरकलो.

"मामा, तिला सांगा, सासरा दोनदा सिमेंट आणून गेला. माझ्यामागं माझा जावई येईल, त्याला अजून मिशी फुटायचीय. तुम्हाला आणखी किती वर्षं पायरीच्या कडेला बसवायचं?"

चटयांवर कुणीतरी रडता रडता फिसकन हसलं. मग सासूचा आवाज आला. माझ्याकडं नव्हे, शर्टाकडं.

"एनोसा, त्याला सांग, दिवेलागणीला मला तुझ्याशिवाय कुणी नाही."

"मामा, तिला सांगा, घरात माणसं आहेत. चहा आम्हीसुद्धा पितो."

"त्याला सांग, इतक्या वर्षांत एकदा तरी बसला का तो माझ्या पायरीवर?"

"मामा, तिला सांगा, रीत आडवी येत होती. आणि कप दोनच असायचे."

 फादर सालमॉन मागं उभे होते. त्यांनी ओठ न हलवता ती रविवारची ओळ गुणगुणायला सुरुवात केली, शब्दांशिवाय, नुसता सूर. ढोल माझ्याजवळ नव्हता. मी बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला. सगळ्या गावानं ओळखलं. तरी कुणी म्हटलं नाही, सगळे तिची वाट बघत होते.

"मामा," मी हळू म्हणालो, "तिला सांगा, गाठ भिजलीय. पण माझी नखं चांगली आहेत."

सासूनं अलिमाचं मनगट सोडलं.

"एनोसा," ती म्हणाली, आणि तो आवाज म्हातारीचा नव्हता, थोरल्या भावामागं धावणाऱ्या पोरीचा होता. "त्याला सांग, वरून सुरू कर म्हणावं. तिसरं बटण सैल आहे, मी शिवलंय ते. ओढू नको म्हणावं."

मी वरून सुरू केलं. पहिलं बटण. दुसरं. तिसरं दोन बोटांत धरून, बाळाच्या झबल्याचं काढावं तसं. एकेका बटणाला कापड निवत गेलं, आणि शेवटच्या बटणाशी पोचलो तेव्हा तो एक जुना, गार शर्ट होता. बाह्यांची गाठ मात्र नखांना दाद देईना. शेवटी मी वाकून दातांनी सोडवली. तोंडाला खारट लागलं. समुद्र होता की काय होतं, देव जाणे.

दगड पांढरा होता. त्यावर त्याचं नाव होतं, आणि खाली सैन्याचं चिन्ह. सासू चटईवरून उठली नाही. तिनं हात वर केले आणि पन्नास वर्षांपूर्वी ज्या रडण्याला कुणी जागा दिली नव्हती ते रडणं तिच्यातून निघालं. सगळ्या बायका त्यात मिळाल्या. मग बंदुका झाडल्या, रानबदामावरचे पक्षी उडाले. बिगूलवाल्या पोरानं सुरुवातीचे दोन सूर चुकवले, कारण तो आमच्याच बेटाचा होता.

जेवणं दुपारभर चालली. कासव, रताळी, नारळाच्या दुधात शिजवलेली भाजी. मेजरनं तीनदा वाढून घेतलं. "सार्जंट," तो गिड्यनला म्हणाला, "तो शर्ट चढवायची तुमची रीत फार हृदयस्पर्शी आहे." गिड्यन म्हणाला, "साहेब, फार जुनी आहे. इतकी जुनी की मलासुद्धा माहीत नव्हती." उतरवलेली कापडं मारीगेताची असतात, म्हणून लाल, निळं, फुलाफुलांचं आम्ही साडूंनी वाटून घेतलं. शर्ट माझ्याकडं आला. मी तो घरी आणला आणि त्याच खुंटीला लावला.

दिवेलागणीला सासू पायरीवर येऊन बसली. हातात दोन कप. सवयीनं दुसरा कडेला ठेवायला वाकली, आणि तशीच थांबली.

"अलिमा," ती म्हणाली, "त्याला दे."

मी खालच्या पायरीवर बसलो, तोंड समुद्राकडं करून. चहा इतका गोड की दात शिवशिवले. मागं अलिमा भांडी घासत होती, पाण्याचा आवाज येत होता. वारा पडला. ओहोटी लागली, खडकांतून पाणी मागं सरकायला लागलं.

आणि मला शीळ ऐकू आली.

रस्त्यानं नाही. पाण्यावरून. जड काहीतरी वल्हवताना माणूस घालतो तशी, दोन सूर वर आणि एक लांब सूर खाली. आमच्या कुठल्याही गाण्यातली ती नव्हती.  पुन्हा आली, थोडी पलीकडून. पुन्हा, आणखी पलीकडून. मी वळून बघितलं नाही, रीतीप्रमाणं नारळाच्या शेंड्याकडं बघत राहिलो. अलिमाची भांडी चालूच होती. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

"ऐकलंस?"

 'त्याला विचार' नाही, 'त्याला सांग' नाही. आत भांड्याचा आवाज थांबला.

"ऐकलं," मी म्हणालो.

"लांब गेला ना?"

मी कान दिला. प्रवाळाच्या कडेला लाट फुटत होती, आणि तिच्या पलीकडं ती शीळ होती-नव्हती अशी, मग नव्हती.

"हो, आई. लांब गेला."

तिनं आपला कप दोन्ही हातांत धरला होता.  मग माझ्या कपाकडं बघून म्हणाली, "पी ना. गार होतोय."